घरबांधणी विम्याच्या दाव्यांविषयी सिडनीतील नवोदित वकिलास पत्र



न्यू साउथ वेल्समध्ये घरबांधणीच्या वादात पक्षकार वकिलाकडे येतो तो बहुधा विम्याच्या भरवशावर, आणि हा भरवसा अर्धाच खरा असल्याचे त्याला पहिल्याच बैठकीत समजावून सांगावे लागते. १९८९ च्या गृहबांधणी कायद्याप्रमाणे २०,००० डॉलरहून अधिक रकमेच्या कामासाठी कंत्राटदाराने घ्यावयाचा हा विमा भिंतीला तडा गेला म्हणून लगेच भरपाई देत नाही; कंत्राटदार दिवाळखोर झाला, मरण पावला, परागंदा झाला किंवा आदेश होऊनही मालकाचे पैसे न चुकवल्याने त्याचा परवाना निलंबित झाला, तरच तो लागू होतो. यालाच अंतिम उपायाचा विमा म्हणतात. हे रूप त्याला २००२ मध्ये आले, कारण आदल्या वर्षी एचआयएच ही बडी विमा कंपनी कोसळली होती आणि उरलेल्या कंपन्यांनी या धंद्यातून अंग काढून घेऊ नये म्हणून घरमालकाचे संरक्षण आखडते घेण्यात आले. २०१० पासून हा विमा राज्याच्या निधीतून दिला जाऊ लागला, तरी जे एकदा आखडले ते आखडलेच राहिले. तीन मजल्यांहून उंच सदनिकांच्या इमारतींना तर तो मुळातच नाही, ही गोष्ट पुण्यामुंबईकडच्या वाचकास चमत्कारिक वाटेल.

नवोदित वकिलाची खरी कसोटी मुदतीच्या हिशेबात लागते. मोठ्या दोषासाठी काम पूर्ण झाल्यापासून ६ वर्षे आणि इतर दोषांसाठी २ वर्षे, असा विम्याचा काळ आहे. समजा, मोठा दोष पाचव्या वर्षी दिसला, मालकाने कंत्राटदाराशी दोन वर्षे पत्रव्यवहार केला आणि सातव्या वर्षी कंत्राटदाराची कंपनी बुडाली, तर विमा लागू होण्याचा प्रसंग येईपर्यंत विम्याचा काळच सरलेला असतो. यावर कायद्याने उशिराच्या दाव्याची वाट ठेवली आहे: नुकसान विम्याच्या काळात उघड होऊन विमाकर्त्यास कळवलेले असेल आणि मालकाने कंत्राटदाराविरुद्ध आपल्या हक्कांचा नेटाने पाठपुरावा केला असेल, तर १० वर्षांपर्यंत दावा करता येतो. म्हणून कंत्राटदाराचा धंदा जोरात चालू असतानाच विमाकर्त्यास लेखी नोटीस धाडावी, तीत दिसणारा प्रत्येक दोष नोंदवावा, आणि पुढे पाठपुरावा ढिला पडल्याचा आक्षेप निघू नये म्हणून न्यायाधिकरणाकडे जाण्यास विलंब लावू नये.

मोठा दोष या संज्ञेचेही दोन भाग आहेत. न्हाणीघरातील फरशीखालचे वॉटरप्रूफिंग हा इमारतीचा प्रमुख घटक मानला जातो, परंतु तेथून पाणी झिरपते एवढे दाखवून भागत नाही. त्यामुळे तो भाग वापरता येत नाही, नष्ट होतो किंवा कोसळण्याचा धोका आहे, अथवा तसे होण्याचा संभव आहे, हेही सिद्ध करावे लागते. तज्ज्ञाचा अहवाल पुष्कळदा कारागिराच्या निष्काळजीपणावर पाने खर्च करतो आणि हा दुसरा भाग मोकळा सोडतो, तेव्हा अहवाल मागवतानाच प्रश्न नेमके लिहून द्यावेत. महाराष्ट्रात रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमाखाली ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामातील दोष प्रवर्तकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो, तेथे अशी दुहेरी कसोटी नसल्याने त्या सवयीवर विसंबणे येथे महागात पडते.

कंत्राटदाराने विमाच घेतला नसेल तर मालकाला निधीचे दार बंद असते. मात्र चौऱ्याण्णवाव्या कलमामुळे असा कंत्राटदार कराराच्या आधारे आपली थकबाकीही मागू शकत नाही. केलेल्या कामाचे वाजवी मोल त्याला मिळू शकते, तेही न्यायालयास ते न्याय्य वाटल्यासच. विमा अंमलात येण्याआधी काम सुरू करण्यास किंवा पैसे मागण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे, पक्षकार कोणत्याही बाजूचा असो, विमा प्रमाणपत्राची तारीख आणि पहिल्या हप्त्याच्या पावतीची तारीख शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज वकीलपत्र दाखल करू नये.