बोअरचा हिशोब : पाणी लागलं तर आणि नाही लागलं तर

मैत्रिणींनो, उन्हाळा जवळ आला की गटाच्या बैठकीत घरच्या बोअरसाठी कर्जाची मागणी येते. म्हणून या महिन्याचा धडा बोअरच्या अंदाजपत्रकाचा.

आधी एक घडलेली गोष्ट. मागच्या वर्षी एका ताईंनी गटातून 40,000 रुपये घेतले. बोअर आणि मोटार त्यातच बसवायची होती. 200 फूट झाले, नुसता धुरळा. गाडीवाला म्हणाला, “ताई, अजून दोन रॉड टाकू, पाणी आलंच समजा.” घरातली माणसंही म्हणाली, एवढं झालंय तर होऊ द्या. असं करत 340 फूट गेले. बोअर कोरडा. कर्जाचे पैसे संपले, वर कानातले गहाण पडले. आज ताई हंडा घेऊन पूर्वीच्याच हातपंपावर जातात आणि दर महिन्याला हप्ताही भरतात.

चूक कुठे झाली? हिशोब फक्त पाणी लागेल असा धरला होता. आपल्याकडे बहुतेक भागात काळा बसाल्ट खडक आहे. त्यात पाणी भेगांमध्ये आणि फुटलेल्या थरांमध्ये असतं. शेजारी 150 फुटांवर लागलं म्हणून आपल्याकडे लागेलच असं नाही, आणि जास्त खोल गेलं म्हणजे जास्त पाणी असंही नाही.

म्हणून हिशोबाचे दोन भाग करा. खालचे दर फक्त शिकण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावातले दर दोन-तीन गाडीवाल्यांकडून विचारून लिहा.

भाग पहिला : पाणी लागो न लागो, हा खर्च होणारच
– जागेची तपासणी : 1,500
– बोअर 200 फूट, दर 100 रुपये : 20,000
– केसिंग पाइप 20 फूट, दर 350 रुपये : 7,000
– गाडीभाडं व किरकोळ : 1,500
एकूण 30,000 रुपये.

भाग दुसरा : पाणी लागलं तरच
– मोटार व पॅनल : 15,000
– पाइप 180 फूट, दर 25 रुपये : 4,500
– केबल 190 फूट, दर 30 रुपये : 5,700
– दोरी, क्लॅम्प, टोपण : 1,800
– बसवणं व वीजजोडणी : 3,000
एकूण 30,000 रुपये.

आता कर्ज. एकदम 60,000 मागू नका. आधी पहिल्या भागापुरतंच घ्या. समजा घरचे 10,000 आहेत आणि गटाकडून 20,000 घेतले. महिना 1 टक्का व्याज, 20 महिने मुदत. पहिला हप्ता मुद्दल 1,000 आणि व्याज 200, म्हणजे 1,200 रुपये. आता स्वतःला विचारा : पाणी नाही लागलं तरी हे 1,200 मी भरू शकते का? उत्तर “हो” असेल तरच गाडी बोलवा. पाणी लागलं की दुसऱ्या भागासाठी पुन्हा अर्ज करता येतो.

गाडी येण्याआधी ही कामं करा :

1. किती फुटांवर थांबायचं ते घरात बसून ठरवा आणि कागदावर लिहा. रात्री गाडी चालू असताना हा निर्णय होत नाही.

2. दर कुठपर्यंत एकच आहे आणि कोणत्या फुटापासून वाढतो, ते लेखी घ्या.

3. शेजारच्यांना किती फूट केसिंग लागलं ते विचारा. वरची माती आणि मुरूम संपून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग टाकावं लागतं. बिल इथेच फुगतं.

4. एका रॉडची लांबी विचारून घ्या. रॉड खाली गेला की भिंतीवर खडूने एक रेघ ओढा. रेघा गुणिले लांबी म्हणजे फूट. बिल त्यावरच द्या.

5. ग्रामपंचायतीत चौकशी करा. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा जास्त खोलीला खोल विहीर धरतात आणि त्यावर निर्बंध आहेत. गावाच्या पिण्याच्या पाण्याजवळ बोअर घ्यायलाही बंधनं आहेत. जागा दाखवायला पाणाड्या बोलवायचा असेल तर बोलवा, पण भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही विचारा.

पावसाळ्यानंतर लागलेलं पाणी मे महिन्यात आटू शकतं, हेही लक्षात ठेवा. पाणी लागलं तर पिण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. कोरडा गेला तर बोअर उघडा ठेवू नका. त्याच दिवशी तोंड घट्ट बंद करा आणि नंतर तो बुजवून टाका. घरात लहान लेकरं असतात.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास : ज्यांना बोअर घ्यायचा आहे त्यांनी दोन्ही भाग वहीत लिहून आणा. गटाच्या अध्यक्षा आणि सचिव ताईंनी कर्ज मंजूर करताना एकच प्रश्न आधी विचारावा, “ताई, कोरडा गेला तर हप्ता कुठून भरणार?” हा प्रश्न अडवण्यासाठी नाही. आपल्या मैत्रिणीचे कानातले वाचवण्यासाठी आहे.