लिंक्डइनवर आपला वाचकवर्ग कसा वाढवावा?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराच्या मुलाने कष्टाने पदविका मिळवली, तरी कारखान्यात त्याची ओळख सांगणारा कोणी नसतो. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे साधन म्हणजे लिंक्डइन होय. नोकरी-व्यवसायातील माणसांना जोडणारे हे संकेतस्थळ २००३ साली अमेरिकेत सुरू झाले.

येथे 'कनेक्शन' व 'फॉलोअर' यांतील भेद ध्यानात घ्यावा. कनेक्शनला दोघांची संमती लागते. फॉलोअर मात्र आपले लेखन आवडले म्हणून येतो. तेव्हा लिहिणे आलेच. पण काय लिहावे? विद्यार्थी येथेच अडतात. समजा, आय.टी.आय.च्या विद्यार्थ्याने विहिरीवरची जळालेली मोटार उघडली. स्टार जोडणीच्या त्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्या पडलेल्या आणि तिसरी शाबूत! म्हणजे पुरवठ्यातील एक फेज गेली असताना मोटार चालू राहिली. एवढेच छायाचित्रासह आठ-दहा ओळींत मांडावे. सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच वाचकाला आधी दिसतात. त्या 'नमस्कार मित्रहो' म्हणण्यात घालवू नयेत.

जाणत्यांच्या लेखनाखाली नुसते 'छान' न लिहिता नेमका प्रश्न विचारावा. त्यांचे वाचक तेथूनच आपल्याकडे वळतात. फॉलोअर विकत देणारेही भेटतात, पण ते वाचणार थोडेच!

इंग्रजी कच्चे असल्यास खुशाल मराठीत लिहावे. वाळूजच्या कारखान्यातील मराठी पर्यवेक्षकाला ते समजते. नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला मात्र उत्तरही देऊ नये.