लेखांचा गोषवारा एक्सएसएलटीने : खर्च किती, कशाचा?

मासिकाचे किंवा संस्थेचे जुने लेख एक्सएमएलमध्ये साठवलेले आहेत आणि संकेतस्थळावर प्रत्येक लेखाखाली चार ओळींचा गोषवारा हवा आहे. हे काम घेऊन दोन डेव्हलपरकडे गेलात तर दोन कोटेशनांत मोठी तफावत दिसेल. त्या तफावतीचे कारण सहसा सॉफ्टवेअर नसते, तर मजकूर किती नीटनेटका आहे हे असते.

काय मिळते, काय नाही

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलचे रूपांतर करण्याची भाषा. तिला अर्थ कळत नाही, ती फक्त नियम पाळते. शीर्षक घ्या, लेखकाचे नाव घ्या, पहिल्या परिच्छेदातले ४० शब्द घ्या, तळटीपा गाळा, एवढेच. संपादकाने गोषवारा वेगळ्या खुणेत (टॅगमध्ये) लिहून ठेवला असेल तर तो उचलणे हे काही ओळींचे काम. लेख समजून घेऊन सार काढायचे असेल तर संपादक हवा किंवा एआय सेवा. एआय सेवा सहसा मजकुराच्या लांबीप्रमाणे पैसे घेतात आणि त्यांचे लिखाण कुणीतरी तपासावे लागतेच.

मग सरळ पहिली २०० अक्षरे का कापू नयेत? काप ठळक मजकुराच्या मधोमध आला तर बंद करणारी खूण गळते आणि खालचे अख्खे पान ठळक होऊन बसते. एक्सएसएलटी मजकूर झाडासारखा वाचते, त्यामुळे उघडलेली प्रत्येक खूण बंद होते.

सॉफ्टवेअर : बहुतेकदा शून्य रुपये

एक्सएसएलटी चालवणारे एक्सएसएलटीप्रॉक मोफत आहे. मॅकवर ते आधीपासून असते, लिनक्सवर सहज बसवता येते. पण ते आणि पीएचपीची अंगची सोय, दोन्ही एक्सएसएलटीची १९९९ ची १.० आवृत्तीच जाणतात. तिच्यात वाक्याचे शब्द सुटे करण्याची थेट सोय नाही. २००७ ची २.० आणि २०१७ ची ३.० आवृत्ती ते एका फंक्शनात करतात. त्यांच्यासाठी सॅक्सन या प्रोग्रॅमची एचई ही मोफत आवृत्ती पुरते. पीई आणि ईई या सशुल्क आवृत्त्या गोषवाऱ्यासाठी क्वचितच लागतात.

सॅक्सन एचई सहसा जावावर चालते आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर जावा बहुधा नसते. त्यासाठी महागडा सर्व्हर घेऊ नका. गोषवारे ऑफिसच्या संगणकावर तयार करून वर चढवा.

मजुरी : खरा खर्च इथे

दर अनुभवाप्रमाणे बदलतो. हिशेबापुरते तासाला ८०० रुपये धरू. तासांचे आकडेही ढोबळच आहेत.

- स्वच्छ मजकूर, तयार गोषवारा उचलायचा : ४ तास, ३,२०० रुपये.
- शब्दमर्यादा पाळून, तिरकी-ठळक अक्षरे आणि दुवे राखून : १२ तास, ९,६०० रुपये. डेव्हलपर जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्क्यांचे १,७२८ मिळवा, एकूण ११,३२८.
- अर्धवट खुणांचे जुने एचटीएमएल : आधी सफाई. एचटीएमएल टायडी मोफत आहे, पण त्याने केलेल्या दुरुस्त्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात. ठरावीक रक्कम कबूल करण्याआधी २० लेखांचा नमुना करून घ्या.

देवनागरीची मेख

‘पुण्यात’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, संगणक मात्र सात मोजतो. मात्रा, हलन्त, सगळे वेगळे. चारवर कापले की ‘पुण्’ उरते. म्हणून मर्यादा अक्षरांत न ठरवता शब्दांत ठरवा.

गोषवारा एसएमएसने पाठवणार असाल तर अक्षरांनाही किंमत आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. संदेश लांबला की प्रत्येक भागात ६७ च मावतात. १५० अक्षरांच्या गोषवाऱ्याला तीन एसएमएसचे पैसे पडतील.

कोटेशन घेताना विचारा

१. कोणती आवृत्ती वापरणार : १.०, २.० की ३.०?
२. रूपांतर सर्व्हरवर होणार की ब्राउझरमध्ये? ब्राउझरमध्ये असेल तर नकार द्या. क्रोममधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा निर्णय गुगलने २०२५ मध्ये जाहीर केला आहे.
३. पहिल्या परिच्छेदात चित्र, तक्ता किंवा नुसता उपमथळा असेल तर काय होईल?
४. स्टाइलशीटची (एक्सएसएलटीच्या नियमांची) मूळ फाइल टिपांसह ताब्यात मिळेल ना? ती हाती असेल तर उद्या ४० ऐवजी ६० शब्द हवे झाल्यास एक आकडा बदलून भागते.

लेख दोन-तीनशेच्या आत असतील आणि वर्षाला मोजकीच भर पडत असेल, तर हा खटाटोप करू नका. जाणत्या उपसंपादकाकडून गोषवारे लिहून घेणे स्वस्त पडेल आणि ते वाचायलाही बरे होतील. हजारो लेख असतील आणि खुणा शिस्तीत असतील, तर एक्सएसएलटीवरचा एकदाचा खर्च वसूल होतो.