कळलावीचे नाव आणि बाळंतपणाची कळ

पावसाळ्यात येऊरच्या डोंगरापासून मुरबाड-माळशेजपर्यंत झुडपाझुडपांवर एक वेल फुलते. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या नि टोकाला तांबड्या. हीच कळलावी. कळ लावते म्हणून कळलावी, इतके हे नाव सरळ आहे, आणि घात या सरळपणातच आहे. तारीख उलटली, कळा येत नाहीत, की एखाद्या जाणत्या आजींना तिचा कंद आठवतो. जुन्या रीतीत तो उगाळून बेंबीवर नि तळपायांना लेप लावीत. परंतु लेपाची वस्तू घाईघाईत पोटात जायला कितीसा वेळ?

संस्कृतात हिला लांगली म्हणतात, कारण कंद नांगरासारखा वाकडा. दुसरे नाव गर्भपातिनी. आयुर्वेदानेही तिची गणना उपविषांत केली आहे. कंदात कोल्चिसिन हे विष असते. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढे एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, हृदय यांवर घाला पडतो. यावर सहज मिळणारा नेमका उतारा नाही.

एरंडेलाची गोष्ट वेगळी. ते कळलावीइतके जहाल नव्हे, आणि त्याचा गुण अगदीच खोटाही नव्हे. २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की एरंडेलातील आम्ल आतड्याप्रमाणेच गर्भाशयाच्या स्नायूंवरही काम करते. मात्र पोटात गेलेले तेल परत काढता येत नाही. आमच्या घरी, डोंबिवलीच्या चाळीत, धाकट्या वहिनींना ते पाजले होते. रात्रभर त्या जुलाबांनी बेजार झाल्या. कळ एकही नाही. दोन दिवसांनी खऱ्या कळा आल्या तेव्हा जोर लावायचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. बाळ सुखरूप झाले, पण ती रात्र आम्ही विसरलो नाही.

मुळात 'तारीख उलटली' हेच पुष्कळदा खरे नसते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात. नेमक्या त्या दिवशी शंभरात जेमतेम चार-पाच जणी बाळंत होतात. पाळीची तारीख चुकीची सांगितली गेली तर सारा हिशेब बिघडतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद जपून ठेवावा. सर्व ठीक असेल तर ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोवर तपासणी चुकवू नये. बाळाची हालचाल मंदावली, रक्त गेले, किंवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारीख न पाहता रुग्णालय गाठावे.

तेथेही कळा आणतातच, मग फरक काय? इंग्लंडच्या हेन्री डेल यांना १९०६ साली गर्भाशय आकुंचित करणारा एक ग्रंथिरस आढळला. त्यातील ऑक्सिटोसिन अमेरिकेच्या द्यू विन्यो यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत बनविले आणि १९५५ चे नोबेल मिळविले. हे औषध शिरेतून थेंब मोजून देतात, बाळाचे ठोके ऐकत देतात, आणि कळा फार वाढल्या तर बंद करतात. थोड्याच वेळात जोर उतरतो. काढ्याला असा चाप नाही. बाळ आडवे असेल, किंवा आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल, तर बेलगाम कळांनी गर्भाशय फाटू शकते.

आम्ही वनस्पतींना नावे ठेवीत नाही. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांना तक्षशिलेच्या आचार्यांनी योजनभर परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधायला धाडले, तेव्हा ते रिकाम्या हाताने परतले. ही कथा आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. त्याआधी जीवकांनी सात वर्षे अभ्यास केला होता, हे सांगायचे मात्र राहून जाते.

कोणी कंद किंवा काढा घेतलाच असेल, तर उतार पडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. उरलेला कंद, पाने पुडीत बांधून सोबत न्यावीत. आणि डॉक्टरांनी विचारल्यावर 'काही घेतले नाही' असे सांगू नये. आमच्या वहिनींनी आधी तेच सांगितले होते.