नवा पीसी सुरूच होईना, तर...

अगं, आधी रडणं थांबव. एवढे पैसे घालून एकेक भाग हौसेनं जोडलास, बटण दाबलंस आणि समोर ढिम्म. पोटात गोळा येणारच. पण नव्या जोडणीत एखादा भागच खराब निघाला असं क्वचित होतं. बहुतेकदा कुठली तरी पिन अर्धवट बसलेली असते. तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी माझं थोडं ऐक. आणि 'थांब, मी बघतो' म्हणणाऱ्या दादालोकांना तूर्त लांबच ठेव. ते एका दमात चार वायरी हलवतात, मग नेमकं कशानं काय झालं हे कुणालाच कळत नाही.

पहिलं सांग, काहीच हलत नाही, की पंखे फिरतात पण मॉनिटर काळा? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

काहीच हलत नसेल तर एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण बघ. हसू नकोस, भल्याभल्यांचं राहून जातं. मग मदरबोर्डची २४ पिनांची जाड वायर. तिची खिट्टी बसेपर्यंत दाबायची. तेवढ्यानं झालं नाही, तर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डच्या पुस्तकात दाखवलेल्या दोन पिनांवरच आहे का, ते बघ. संशय असेल तर ती काढ आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच दोन पिनांना क्षणभर टेकव, दुसऱ्या कुठल्या नाही. पीसी उठला, तर दोष कॅबिनेटच्या बटणाकडे आहे.

पंखे फिरत असतील तर आधी केबल बघ. ग्राफिक्स कार्ड बसवलंयस ना? मग मॉनिटरची केबल कार्डातच हवी, मदरबोर्डात नको. तुझा प्रोसेसर इंटेलचा 'एफ' अक्षराचा असेल तर त्यात ग्राफिक्सच नसतं, मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काहीही दिसणार नाही.

मग प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या मागे तिची जागा असते, म्हणून ती लावायची राहून जाते. ग्राफिक्स कार्डाचीही आठ पिनांचीच असते, पण प्रोसेसरची बहुधा चार-चार अशी दुभंगते आणि कार्डाची सहा-दोन. बसत नसेल तर जोर लावू नकोस, वायर चुकीची आहे.

आता रॅम. माझा सगळ्यात जास्त संशय हिच्यावरच. चार खाचांच्या बोर्डात दोन काड्या असतील तर बहुतेक बोर्डांना त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्या असतात. 'टक्' असा आवाज येईस्तोवर दाब. हात कापेल, पण दाब. तरीही नाहीच, तर एकच काडी ठेवून बघ. आणि डीडीआर ५ असेल तर धीर धर. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅम पारखत बसतो, त्यात काही मिनिटं जातात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो आणि आपण घाबरून बटण दाबून टाकतो.

बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात. जो लागून तसाच राहील, तिथे अडलंय. फक्त 'बूट'चा लागला आणि तू अजून विंडोजच टाकलेलं नाहीस, तर आनंदानं चहा पी, मशीन ठीक आहे.

रायझन ५००० चा प्रोसेसर आणि जुन्या साठ्यातला बी४५० बोर्ड अशी जोडी असेल, तर बोर्डाला तो प्रोसेसर ओळखताच येत नसेल. बायॉस अपडेट करावं लागतं; काही बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून एका बटणानं होतं.

एवढ्यानंही नाही उठलं, तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच जोड. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. बाहेर चालला, तर कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली एखादा जास्तीचा स्टँडऑफ टेकत असणार. चालू झालं की एकेक भाग परत जोडत जा, प्रत्येक वेळी प्लग काढून.

एसएमपीएस मात्र कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. बिलं आणि खोकी जपून ठेव. रात्री फोन केलास तरी चालेल, फक्त कोणता दिवा लागून राहिला होता, ते बघून कर.