कापल्यावर लाकूड कुठं जाईल?

खंडेनवमीला आपल्या घरात करवत, रंधा, पटाशी, गुण्या, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. लाकूड टेकवायच्या घोडीला कुणी विचारत नाही. ती अंगणात, वर कुणाची तरी गोधडी वाळत घातलेली. तू गावी परत आलास, पत्र्याच्या शेडात मशीन मांडलंस, वसमतहून प्लाय आणून घरच्या घरी कपाट करायला निघालास, चांगलंच केलंस. पण मशीन घेताना जेवढी चौकशी केलीस, त्याच्या पावपटही टेकूची केली नाहीस. म्हणून चार गोष्टी सांगतो.

टेकू लावताना एकच विचार करायचा: कापून झाल्यावर दोन्ही तुकडे कुठं जातील? लाकूड आत्ता कसं पडलंय ते सगळ्यांनाच दिसतं. फळी दोन घोड्यांवर आडवी टाकली, दोन्ही टोकं टेकलेली, आणि मधोमध कटर घातला की काप जसा खोल जाईल तशी फळी मधे खचते. कापाची फट वरून मिटते, फिरतं पातं चिमटीत सापडतं आणि कटर मागं उसळतो, थेट तुझ्या अंगावर. लोक म्हणतात मशीन वाईट. मशीन बिचारं काय करणार! तोच काप घोडीच्या बाहेरच्या बाजूला घे. कापलेला तुकडा खाली झुकतो, फट उघडते, पातं मोकळं राहतं. तुकडा जड असला तर मात्र शेवटचं बोटभर कापायच्या आधीच तो स्वतःच्या वजनानं फाटतो आणि चांगल्या फळीच्या कडेची ढलपी घेऊन खाली येतो. अशा तुकड्याखाली तिसरा टेकू द्यायचा, पण फळीच्या पातळीपेक्षा एखादं सूत खाली.

अख्ख्या प्लायची तऱ्हा वेगळी. ८ बाय ४ फुटांची, १८ मिलिमीटरची शीट ३० ते ४० किलो भरते. दोन घोड्या मांड, त्यांच्यावर चार लांब रिपा टाक आणि वर शीट. काप असा आखायचा की दोन रिपा एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला राहतील. मग कापल्यावर दोन्ही अर्धुकं जागच्या जागी पडून राहतात, खाली कुणी धरायला लागत नाही. पातं प्लायच्या खाली सूतभरच निघेल इतकं वर घे. आडवा काप घेताना रिपेला चरा पडेल, पडू दे, रिपा त्यासाठीच असतात. रिपेला आणि घोडीच्या पाठीला वरून खिळा किंवा स्क्रू कधी मारायचा नाही, मारायचाच तर बाजूनं आणि खालच्या अंगाला.

तुझे आजोबा तिफण, वखर, गाडीचं जू असलं काम जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून करायचे. माळवदाचे सर घडवायचे असले की जमिनीत दोन मेढी रोवायचे आणि काम तिथं आणायचे. मेढ हलत नाही, हाच तिचा मोठेपणा. टेकूसाठीची तुझी स्टँडं हलती आहेत, कामाच्या मागं नेता येतात. पण हलतं म्हणजे कामाच्या वेळीही हलणारं. त्याचा बंदोबस्त आधी करायचा.

आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशीही तिच्याबरोबर थोडी वरखाली होते. म्हणून स्टँडची उंची फरशीपासून मोजू नकोस. मशीनच्या टेबलावर सरळ पट्टी ठेव, तिचं टोक स्टँडपर्यंत ने आणि त्या हिशेबानं स्टँड लाव, तेही दर वेळी. चार पायांची घोडी असल्या फरशीवर डुगडुगते, तिच्या एका पायाखाली पाचर दे. तीन पायांचं स्टँड डुगडुगत नाही, पण ते कलंडतं. त्याचा एक पाय लाकूड ज्या दिशेनं सरकणार त्याच दिशेला, मशीनपासून लांब, असा रोख. मग ढकलण्याचा जोर त्या पायावर येतो. बुडाशी वाळूची अर्धी गोणी टाकलीस की बघायला नको. अंगणात मांडायचं असेल तर पायांखाली फळकूट घाल, नाहीतर ओल्या मातीत पाय बसत जातात आणि कापात बाक येतो.

टेबल मशीनच्या मागचं स्टँड टेबलापेक्षा एक सूत खाली हवं. टेबलाच्या बरोबरीनं लावलंस तर लाकडाचं पुढचं टोक स्टँडच्या रोलरवर चढायच्या ऐवजी त्याला धडकतं. आठ फुटी फळी अर्ध्याहून जास्त टेबलाबाहेर गेली की उलथते, म्हणून स्टँड टेबलाच्या कडेपासून तीन फुटांच्या आतबाहेर ठेव, चार फुटांच्या पलीकडं नको. ६ मिलिमीटरचा प्लाय तर जाता जाताच नाक खाली करतो आणि रोलरच्या खालून निघून जातो. त्याला रोलर कामाचा नाही. स्टँडवर हातभर रुंद फळी बसव, तिची मशीनकडची कड रंध्यानं उतरती कर, वर सनमायका चिकटव आणि मेणबत्ती घास. रोलरची आणखी एक खोड आहे. तो तसूभर जरी तिरका बसला तरी लाकडाला स्वतःच्या दिशेनं ओढतो, लाकूड गाईडपासून सुटतं आणि पात्याच्या मागच्या दातांना लागतं. सनमायक्याला दिशाच नसते. मला विचारशील तर ही घरी केलेली फळी दुकानातल्या चकचकीत रोलरपेक्षा बरी.

आणि मदतीला माणूस उभा करणार असशील तर त्याला आधीच बजाव: झेलायचं, ओढायचं नाही. माणसाचा हात आपोआप ओढतो. स्टँड ओढत नाही.

बाजारातली घडीची लोखंडी स्टँडं घेताना एकच तपास. नळीत नळी सरकवून नुसत्या स्क्रूनं आवळायचं असेल तर ते हादऱ्यानं हळूहळू उतरतं, आणि तुला कळतं तेव्हा काप वाकडा गेलेला असतो. आरपार भोकं पाडून पिन घालायची सोय असलेलं घे, किंवा नळीला भोकं तूच पाड. नेहमीच्या उंचीला नळीवर कानशीनं रेघ मारून ठेव.

घोडी मात्र विकत घेऊ नकोस. बाभळीचे पाय, वर कुठलंही मऊ लाकूड, पाय चारी बाजूंनी बाहेर झुकलेले. पाठीच्या टोकावरून ओळंबा सोडलास तर तो पायांच्या आतच पडला पाहिजे, बाहेर पडला तर ती घोडी कधीतरी तोंडावर पडणार. हाताच्या करवतीला घोडी गुडघ्याइतकी, म्हणजे फळीवर गुडघा ठेवून दाबता येतं. रंध्याला आणि मशीनच्या कामाला कमरेच्या जरा खाली. दोन्ही कामांना एकच उंची चालवणाऱ्याची संध्याकाळी कंबर बोलते.

काम संपल्यावर शीट भिंतीला उभी टेकवून तिला घोडी अडकवायची तुझी सवय सोड. १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का आपल्या जिल्ह्यानं अनुभवलाय, आणि वसमत-कळमनुरीकडं जमीन अधूनमधून गुरगुरतेच. शीट आडवी ठेव, जागा नसेल तर भिंतीला दोरीनं बांध.

लाईट जाते त्याचंही सांगतो. कापाच्या मधे लाईट गेली तर आधी मशीनचं बटण बंद कर, मग काय ते कर. नाहीतर लाईट आल्यावर मशीन स्वतःहून फिरायला लागतं आणि लाकूड तेव्हा पात्यातच असतं. टेकू नीट असतील तर अर्धा कापलेला तुकडा तसाच पडून राहतो, घाई होत नाही. लाईट आल्यावर आधी लाकूड मागं घ्यायचं, मशीन पूर्ण वेगात येऊ द्यायचं, मग पुन्हा सरकवायचं.

पाडलेल्या माळवदाचे सागवानी सर आणायचं म्हणतोयस ना? आण, तसलं लाकूड आता मिळायचं नाही. पण ६ इंच चौरस, १० फूट लांब सर ४५ किलोच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या पायांचं स्टँड त्याखाली टिकत नाही. बाभळीच्याच घोड्या लागतील. जुन्या सराला पीळ असतो, दोन घोड्यांवर तो एका कोपऱ्यात उचललेला राहतो. तिथं पाचर घाल, सर हातानं हलवून बघ, डुगडुग थांबली की मगच रंधा लाव. त्याआधी खिळे शोध, वायरचा ब्रश मारून लाकडाचा रंग जिथं काळपट दिसेल तिथं. आणि सर उतरवायला मला एकट्याला हाक मारू नकोस, शेजारची दोन पोरं बोलाव.