हेब्बाळचा झुडपी पावटा

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे, म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी ह्यांनी दिलेल्या ३० एकर भूमीवर, १८९९ साली कृषिप्रयोगक्षेत्र स्थापन झाले. पुढे तेथे शेतकीशाळा आली, महाविद्यालय आले व १९६४ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले. ह्या गावाचे नाव एका शेंगेस मिळाले आहे. कानडीत तिला अवरे म्हणतात. मराठीत तिला एकच नाव नाही. कोणी पावटा म्हणतो, कोणी वाल; भाषांतरकाराची त्यामुळे पंचाईत होते. वनस्पतिशास्त्रात मात्र ती लॅब्लॅब पर्प्युरियस होय.

शिंबावंत कुलातील ह्या वनस्पतीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधून तिला पुरवितात. फुले पांढरी किंवा जांभळी असून ती तुऱ्यांनी येतात. दक्षिण कर्नाटकात ती पूर्वापार नाचणीच्या शेतात आंतरपीक म्हणून पेरली जाते, तर आपल्या कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतात.

जुन्या वाणांचा एक स्वभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. जूनमध्ये पेरा वा ऑगस्टमध्ये, फुले येतात ती दिवस लहान होऊ लागल्यावरच, आणि शेंगांचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यात पेरल्यास पाने व वेल वाढतात, फूल दिसत नाही. बंगळूरात वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस ह्यांत जेमतेम दीड तासाचे अंतर असते. तेवढेही ह्या झाडास कळते! दिनमानाचा हा परिणाम गार्नर व ॲलर्ड ह्या अमेरिकी संशोधकांनी तंबाखू व सोयाबीन ह्यांवर प्रयोग करून १९२० साली मांडला. पुढील प्रयोगांत असे आढळले की, झाड मोजते ती वस्तुतः रात्र. पडताळा शाळेतही पाहता येईल: जुन्या वाणाच्या दोन कुंड्या हिवाळ्याच्या आरंभी उघड्यावर ठेवाव्या व एकीजवळ रोज मध्यरात्री काही वेळ दिवा लावावा. अखंड काळोख न मिळालेल्या झाडास फुले उशिरा येतील, वा येणारही नाहीत.

हेब्बाळ येथील पैदासकारांनी हे बंधन सोडविले. हेब्बाळ अवरे-३ व त्यानंतरचा अवरे-४ हे वाण दिनमानाची वाट पाहत नाहीत. ते बुटके, झुडपी व मर्यादित वाढीचे असून पाणी असल्यास वर्षात केव्हाही पेरता येतात. मांडव लागत नाही. ओळींत सुमारे ४५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. निचरा होणारी जमीन हवी, पाणी साचू देऊ नये. पीक सुमारे तीन ते साडेतीन महिन्यांत हाती येते.

तथापि हा लाभ फुकटचा नव्हे. झुडपी वाणाचा बहर थोड्या दिवसांत आटोपतो; त्याच वेळी शेंग पोखरणारी अळी आली तर नुकसान भरून काढण्यास मागून येणारी फुले नसतात. जुन्या वेलीस ती असतात. दुसरी गोष्ट सुगंधाची. हिवाळी अवरेच्या सालीवर तेलकट द्रव्य सुटते, त्याचा वास कानडीत सोगडू म्हणून ओळखला जातो व गिऱ्हाईक शेंग हुंगूनच घेते. तो वास आणणारी मेदाम्ले रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी करून ओळखली आहेत; परंतु तो वास बारमाही झुडपात पुरतेपणी आणण्यास सुवासिक गावठी वाणांचेच बी हाती असावे लागते. हे पीक बहुतांशी स्वपरागित असल्याने शेतकऱ्यास घरचे बी राखता येते. मात्र ते कडक वाळवून, भुंग्यापासून जपून ठेवावे.